बी विंगचा रॅम्प आणि ब्रेक पॅड: ग्रुपवरची चर्चा

शुक्रवार

ए-१०२ वहिनी: सकाळी पावणेसातला रॅम्पवरून किंचाळत उतरणारी गाडी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज दोन महिने ऐकून घेतला. पण आज ती पट्ट्यावर थांबलीच नाही, थेट वॉचमनच्या खुर्चीपर्यंत गेली. त्याच वेळेला तिथे शाळेच्या बसची मुलं उभी असतात. हे मी ऐकून घेणार नाही.

बी-३०४: वहिनी, माझीच गाडी. पॅड बदलायचं ठरलंच आहे. साधे नाही टाकत, अपग्रेडेड घेणार. परफॉर्मन्सवाले. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

सी-५०१: बिनधास्त टाक. रेसिंगचे घे. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी.

ए-४०३: कंपनीचेच पॅड घ्या. बाहेरचं काही नको.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे 🙏

ए-१०२ वहिनी: सेक्रेटरीसाहेब, रॅम्प सोसायटीचा, वॉचमन सोसायटीचा, मुलं सोसायटीची. अजून कोणतं काम हवंय?

बी-१०१ काका: सी-५०१, रेसिंगचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. ट्रॅकवर डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला धरतं ती तबकडी, सतत तापलेली असते, तिथे ते उत्तम. इथे गाडी रात्रभर थंड उभी आणि पहिला ब्रेक थेट रॅम्पवर. त्या पहिल्या ब्रेकलाच हे पॅड दगा देतील. वहिनींची तक्रार आहे ती नेमकी त्याच ब्रेकची.

सी-५०१: काका, मी व्हिडिओ बघितलेत. फरक दिसतो.

बी-१०१ काका: व्हिडिओत ब्रेक मारण्याआधी किती चकरा झाल्या तेही बघा. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलंय माझं, उगाच बोलत नाही.

ए-३०१: ती गाडी दुरुस्त करू नका रे, माझा अलार्म आहे तो 😄

ए-१०२ वहिनी: ३०१, तुमचं पोरगं पण त्याच बसला असतं.

ए-३०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

डी-२०३ ताई: बी-३०४, आवाज कधी येतो ते आधी सांगा. रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. तो पहिल्या दोन-चार ब्रेकला घासून जातो आणि आवाज थांबतो. तसं असेल तर काळजी नाही. पण दिवसभर ब्रेकवर पाय नसतानाही बारीक चिरका आवाज येत असेल, तर पॅडला जोडलेली पत्र्याची पट्टी डिस्कला लागतेय. पॅड संपलं हे कळावं म्हणूनच ती ठेवलेली असते.

बी-३०४: दिवसभर येतो ताई. आणि ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते.

बी-१०१ काका: ओढते हे आधी का नाही सांगितलंस! मग हा नुसता पॅडचा मामला नाही. एका बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, नीट काम करत नसणार. त्याच्यावर कितीही भारी पॅड चढव, एकच चाक धरेल. मग गाडी आणखी जोरात ओढेल.

ए-४०३: म्हणूनच म्हणतोय, कंपनीचेच पॅड घ्या.

डी-२०३ ताई: ४०३, जॅम झालेल्या कॅलिपरला पाकिटावरचं नाव वाचता येत नाही हो.

ए-४०३: मी चांगल्यासाठीच सांगतोय. ऐकायचं नसेल तर राहिलं.

सेक्रेटरी: कृपया सौजन्य राखावे.

सी-४०२: विषय निघालाच आहे तर, पॅडची काळी भुकटी माझ्या गाडीच्या चाकांवरही येते. मग धुवायला पाणी लागतं, आणि मागच्या मीटिंगपासून पार्किंगचा नळ बंद! कमिटीने याचं उत्तर द्यावं.

सेक्रेटरी: नळाचा विषय मीटिंगमध्ये संपला आहे.

सी-४०२: तुमच्यासाठी संपला.

डी-२०३ ताई: सी-४०२, भुकटी पॅडच्या मसाल्यावर अवलंबून असते. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा चुरा आणि तारा असतात. उष्णता चांगली सोसतं, पण भुकटी काळी, आवाज जास्त आणि डिस्कही जरा जास्त झिजते. सिरॅमिक शांत असतं, भुकटी फिकट पडते, रोजच्या वापराला बरं. ऑरगॅनिक सगळ्यांत मऊ. थंडीतही पटकन धरतं, पण लवकर झिजतं आणि लांब उतारावर तापलं की पकड सोडतं.

बी-३०४: मग सिरॅमिक घेऊ?

बी-१०१ काका: नावावर जाऊ नकोस. एकाच नावाखाली दहा प्रकारचे मसाले विकतात. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेलं बघ, शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुला एफएफ पुरे. थंड असतानाही धरेल, तापल्यावरही सोडणार नाही. सगळ्याच पॅडवर ही अक्षरं नसतात, पण ज्यावर आहेत त्याचा अंदाज तरी येतो.

सी-५०१: जी असताना एफ कशाला? जास्त पकड म्हणजे जास्त चांगलं ना?

बी-१०१ काका: नाही. त्याच्या गाडीला एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. पुढेच पकड वाढवली आणि मागचे लायनर, म्हणजे ड्रममधले घासणारे पट्टे, तसेच जुने राहिले, तर जोरात ब्रेक मारताच पुढची चाकं लॉक होतील. लॉक झालेलं चाक घसरत जातं आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. मुलं समोर असताना हे नको. पॅडने चाक थांबतं, गाडी थांबते ती टायरच्या रस्त्यावरच्या पकडीने. बी-३०४, टायर शेवटचे कधी बदललेस?

बी-३०४: टायर ठीक आहेत काका. नक्षी आहे अजून.

बी-१०१ काका: नक्षीबरोबर रबर कडक झालंय का तेही बघ. बाजूला बारीक भेगा असतील तर परफॉर्मन्सचे पैसे आधी टायरवर घाल.

ए-४०३: परत सांगतो, कंपनीचेच पॅड घ्या.

डी-२०३ ताई: ४०३, तुमची भीती डुप्लिकेट मालाची असेल तर ती रास्त आहे. पण चांगला बाहेरचा मालही ओळखता येतो. पाकिटावर गोलातला ई आणि आर ९० मानकाचा क्रमांक असेल, तर ते पॅड मूळ पॅडशी ताडून बघितलेलं असतं. पकडीत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

ए-४०३: हे आधी सांगायचं होतं. आर ९० असेल तर माझी हरकत नाही.

शनिवार

बी-३०४: काकांसमोर पार्किंगमध्ये चाक काढलं. फोटो टाकतोय. डावीकडचं आतलं आणि बाहेरचं पॅड सारखंच झिजलंय, साधारण ४ मिलिमीटर उरलंय. उजवीकडे बाहेरचं ७ च्या आसपास आणि आतलं जवळजवळ पत्र्याला टेकलंय.

बी-१०१ काका: उजव्या कॅलिपरच्या पिना जॅम आहेत. कॅलिपर सरकतच नव्हता, म्हणून दाब एकट्या आतल्या पॅडवर. उजवं चाक कमी धरायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. एक पीन तर हातोडीनेच निघाली, ग्रीस वाळून चुन्यासारखं झालं होतं. पिना साफ केल्यात. आता ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साधं चालणार नाही, त्याने रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते.

सी-४०२: पार्किंगमध्ये गाड्या खोलायला परवानगी आहे वाटतं. माझ्या नळालाच नियम.

सेक्रेटरी: खाली पुठ्ठा अंथरला होता. मी स्वतः बघून आलो.

डी-२०३ ताई: फोटोत उजव्या डिस्कवर चऱ्या दिसतायत आणि कडेला ओठ तयार झालाय.

बी-१०१ काका: हो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. उजवी तिच्या खाली गेलीय, लेथवर मारण्यात अर्थ नाही. डिस्क दोन्ही बाजूंच्या नव्या घ्यायच्या. पॅडही दोन्हीकडचे एकदम, कधीच एका चाकाचे नाही.

बी-३०४: आणि ब्रेक ऑइल? ते कधी बदललं ते आठवतच नाही. रंग चहासारखा झालाय.

बी-१०१ काका: मग पॅडच्याही आधी ते बदल. ते हवेतली ओल शोषतं. मानकाप्रमाणे डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर हाच आकडा १५५ वर येतो. लांब उतारावर उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. मग पॅड सोन्याचं असलं तरी उपयोग नाही. दर दोन वर्षांनी बदलत जा. रबरी होज फुगलेत का तेही मेकॅनिकला दाखव.

सी-५०१: म्हणजे अपग्रेड कॅन्सल?

बी-१०१ काका: हेच अपग्रेड. नव्या डिस्क, सुटे कॅलिपर, ताजं ऑइल आणि एफएफचे पॅड. गाडी नवीन होती तेव्हा थांबायची तशी थांबेल.

बी-३०४: ठरलं. सोमवारी मेकॅनिककडे टाकतो. तोपर्यंत गाडी जागची हलणार नाही. वहिनी, शब्द देतो.

ए-१०२ वहिनी: आभारी आहे. काकांचे जास्त.

बुधवार

बी-३०४: काम झालं. गाडी सरळ थांबते, आवाज नाही. पण पकड अजून थोडी कमी वाटते काका.

बी-१०१ काका: नवे पॅड बसायला वेळ घेतात. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० वर आण, पूर्ण न थांबता. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर सोडून. मग ब्रेक न मारता थोडी चालवून थंड होऊ दे. तापलेले असताना पेडल दाबून उभा राहू नकोस, पॅडचा मसाला डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

सेक्रेटरी: हा सराव कृपया कंपाउंडच्या बाहेर करावा.

सी-४०२: आणि चाकं धुवायला नळ?

सेक्रेटरी: पुढच्या मीटिंगला लेखी द्या.