मदत हवी आहे: आडव्या मेनूतला तालुक्यांचा उपमेनू उघडतो, पण दिसत नाही

तापीकाठ:
केळी-कापसाचे भाव आणि आवक नोंदवायचं वेब ॲप आहे. वरच्या आडव्या मेनूत सात नोंदी: मुख्यपान, आजचे भाव, आवक, तालुके, पावत्या, शेतकरी खाते, तक्रार. ‘तालुके’खाली जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६, असे २५ तालुके उघडायला हवेत.

३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर ‘शेतकरी खाते’ मधूनच तुटून दोन ओळींत जात होतं. म्हणून सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) ओळ तुटू न देणारं व्हाइट-स्पेस नोरॅप आणि यादीला आडवं सरकू देणारं ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलं. आता मेनू बोटाने सरकतो, पण उपमेनू गायब. झेड-इंडेक्स ९९९९ देऊनही फरक नाही. शिवाय वेलांट्या वरून कापल्या जातात. दुव्यांना टेम्पलेटमधूनच लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन आलेलं आहे.

भरीतपुरी:
भाऊ, झेड-इंडेक्स काढून टाका, त्याचा इथे संबंध नाही. कोण वर नि कोण खाली एवढंच ते ठरवतं, कापलेलं परत आणत नाही. कापतंय ते ओव्हरफ्लो-एक्स. एका दिशेला ऑटो दिलं की दुसऱ्या दिशेचं व्हिजिबल ब्राउझर आपोआप ऑटो धरतो. ओव्हरफ्लो-वाय व्हिजिबल असं स्वतः लिहिलंत तरी तेच. त्यामुळे पट्टीच्या खाली लोंबणारा उपमेनू पट्टीतच अडकतो.

उपाय मांडणीत आहे. उपमेनू सरकणाऱ्या यादीतून बाहेर काढा आणि नॅव्ह टॅगमध्ये यादीच्या शेजारी ठेवा. नॅव्हला पोझिशन रिलेटिव्ह. उपमेनूला ॲब्सोल्यूट, टॉप १०० टक्के, लेफ्ट ० आणि राइट ०. म्हणजे फोनवर तो पूर्ण रुंदीत उघडेल. २५ नावं एकाखाली एक लावू नका, ग्रिडचे दोन स्तंभ करा, जिल्ह्याचं नाव मथळा म्हणून द्या. मॅक्स-हाइट ६० व्हीएच (पडद्याच्या उंचीचे ६० टक्के) आणि ओव्हरफ्लो-वाय ऑटो दिलं नाही, तर लहान फोनवर अक्कलकुवा-धडगाव पडद्याखाली जातील.

पोझिशन फिक्स्डनेही सुटतं, पण वरच्या एखाद्या घटकावर ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर असेल तर फिक्स्ड पडद्याऐवजी त्या घटकालाच धरून बसतं. मग तो घटक पट्टीच्या आत असला की पुन्हा कापाकापी.

उघडणं होव्हरवर (माउस वर नेल्यावर) ठेवलं असेल तर तेही बदला. फोनवर होव्हर म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. ‘तालुके’ला दुवा नको, बटण करा. क्लिकवर एरिया-एक्सपांडेड (मेनू उघडा की मिटलेला हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) ट्रू-फॉल्स बदला आणि एस्केप दाबल्यावर मेनू मिटून फोकस बटणावर परत आणा.

शिरोरेषा:
वेलांट्यांचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. लाइन-हाइट १ रोमन अक्षरांना कशीबशी पुरते. देवनागरीत रेषेच्या वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते, आणि ओव्हरफ्लो हिडन बाहेर आलेलं छाटतं. दुव्यावरचं हिडन काढा, लाइन-हाइट १.५ ते १.७ करा. पट्टीला ठरावीक हाइट न देता मिन-हाइट ४४ पिक्सेल द्या, बोटालाही तेवढी जागा लागते.

टेम्पलेटमध्ये लेटर-स्पेसिंग असेल तर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस निरुपद्रवी आहे, आपल्याकडे कॅपिटल अक्षरंच नाहीत.

आणि केळीचं ॲप म्हणून पट्टी पिवळी, अक्षरं पांढरी असा मोह होतो. उन्हात काहीच वाचता येत नाही. कॉन्ट्रास्ट किमान ४.५ः१ हवा. पिवळीच पट्टी हवी तर अक्षरं गडद ठेवा.

चालू पानाच्या दुव्याला एरिया-करंट पेज लावा आणि त्यावरूनच ३ पिक्सेलची खालची बॉर्डर रंगवा. बाकीच्या दुव्यांना तेवढीच पारदर्शक बॉर्डर द्या, नाहीतर पान बदलताना अक्षरं वर-खाली उडतात.

तापीकाठ:
उपमेनू दिसायला लागला, वेलांट्याही नीट. दोन गोष्टी उरल्या. ‘मुख्यपान’ डावीकडे अर्धं कापलेलं आहे आणि तिकडे सरकवताच येत नाही. आणि ‘तक्रार’ पान उघडलं की चालू दुवा उजवीकडे पडद्याबाहेर असतो.

भरीतपुरी:
पहिल्याचं कारण नोंदी मध्यभागी आणणारं जस्टिफाय-कंटेंट सेंटर. मजकूर मावला नाही की तो दोन्ही बाजूंनी बाहेर जातो, आणि डावीकडच्या भागापर्यंत स्क्रोल पोचत नाही. फ्लेक्स-स्टार्ट करा. मोठ्या पडद्यावर मध्यभागीच हवा असेल तर पहिल्या नोंदीला मार्जिन-लेफ्ट ऑटो, शेवटच्या नोंदीला मार्जिन-राइट ऑटो. जागा उरली तर मेनू मध्ये येतो, नाही उरली तर डावीकडून सुरू होतो.

दुसऱ्यासाठी चालू दुव्यावर जावास्क्रिप्टचं स्क्रोल-इन्टू-व्ह्यू (घटक दिसेल असं सरकवणारं) चालवा, इनलाइन सेंटर आणि ब्लॉक निअरेस्ट देऊन. ब्लॉक विसरलात तर अख्खं पान खाली-वर उडी मारू शकतं.

शिरोरेषा:
हे डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडी झाल्यावर, म्हणजे फॉन्ट उतरल्यावर चालवा. मुक्तासारखा वेबफॉन्ट उशिरा उतरतो, दुव्यांची रुंदी बदलते आणि आधी मध्यभागी आणलेला दुवा पुन्हा बाजूला सरकतो.