यलो लॅबची मादी अंडी गिळतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला घरी ४ फुटी टँक आहे, साधारण २५० लिटरचा. त्यात आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले ९ यलो लॅब मासे. यांची मादी अंडी तोंडातच उबवते. मागे काळ्या दगडांची रास, खाली वाळू. महापालिकेचं पाणी आमच्याकडे मऊ (कमी क्षारांचं) येतं आणि या माशांना जड पाणी लागतं, म्हणून फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवलाय. पीएच ८ च्या आसपास टिकतो. पाणी दर रविवारी पाव भाग बदलतो.

अडचण अशी. एक मादी तिसऱ्यांदा तोंडात अंडी धरून बसली. हनुवटी फुगलेली, खाणं बंद, सारखं तोंड हलवत अंडी घोळवणं चाललेलं. आई तर म्हणाली, "हिचा चातुर्मास लागला वाटतं!" पण सहाव्या दिवशी सकाळी बघतो तर गाल बसलेले आणि बाई सगळ्यांच्या आधी दाण्यावर हजर. आधीच्या दोन्ही वेळी हेच झालं. पहिल्या खेपेला अंडी गिळतात हे माहीत आहे, पण तिसऱ्यांदा?

माझा संशय मोठ्या नरावर आहे. दगडाखाली खड्डा करून बसतो आणि ती दिसली की मागे लागतो. की अंडी फळतच नसतील?

पुढच्या वेळी तिला वेगळ्या टाकीत कितव्या दिवशी हलवू? पिल्लं सुटायला ३ आठवडे लागतात, तोवर उपाशी मादी जाळीने पकडायची म्हणजे सगळे दगड उपसावे लागणार. त्या झटापटीतच तिने अंडी थुंकली तर? ज्यांनी घरी पिल्लं वाढवलीत त्यांनी कृपया सांगा. "नर काढून टाक" एवढंच सांगू नका, तोच सगळ्यात देखणा आहे.