कंत्राटी प्रशिक्षकाचा विमा कोणी काढायचा? स्टुडिओने की त्याने स्वतः?

स्टुडिओचालक:
पगारावर नसलेले, तासाप्रमाणे मानधन घेणारे प्रशिक्षक असतील तर प्रत्येकाकडे स्वतःची लायबिलिटी पॉलिसी (आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) हवीच. स्टुडिओची सर्वसाधारण पॉलिसी मुख्यतः जागेशी जोडलेल्या अपघातांसाठी असते: ओल्या फरशीवर कोणी घसरलं, भिंतीवरचा आरसा कोसळला. चुकीचं शिकवल्याने झालेली इजा ही व्यावसायिक चूक. तिचं संरक्षण बहुधा वेगळं घ्यावं लागतं. शिवाय काही पॉलिसींत कंत्राटदाराच्या कामातून आलेले दावे वगळलेले असतात. काहींत 'कंत्राटदाराचा तेवढ्याच रकमेचा विमा असेल तरच' अशी अट असते.

बारीकअक्षर:
असहमत. प्रशिक्षकाकडून घेऊन तुम्ही फायलीत लावता ते विम्याचं प्रमाणपत्र म्हणजे छापलं त्या दिवसाचा फोटो. पुढच्या महिन्यात हप्ता थकला, पॉलिसी बंद पडली, तरी स्टुडिओला कळवायला कोणी बांधील असेलच असं नाही. दुसरं म्हणजे पॉलिसीत नोंदवलेला व्यायामप्रकार. कागदावर मॅट पिलाटेस आणि वर्ग छताला टांगलेल्या कापडावरचा, मग दावा फेटाळला तर नवल काय? त्यापेक्षा सगळ्यांना स्टुडिओच्याच पॉलिसीवर घ्या. हप्ता वाढेल, पण दाव्याच्या वेळी दोन विमा कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत बसणार नाहीत.

स्टुडिओचालक:
आणि भरपाईच्या वार्षिक कमाल मर्यादेचं काय? ती सगळ्यांत मिळून एकच. एका मोठ्या दाव्यात निम्मी संपली की उरलेलं वर्ष सगळा स्टुडिओ उरलेल्या निम्म्यावर. बचावाचा वकिली खर्च त्याच मर्यादेतून वजा होत असेल तर आणखी वाईट. तोच प्रशिक्षक इतर ठिकाणीही शिकवतो, तिथे तुमची पॉलिसी त्याच्या कामाची नाही.

दावाछाननी:
दोघांचं भांडण प्रमाणपत्रावर अडलंय. ते फक्त माहिती देतं, हक्क देत नाही. मागायची ती एन्डॉर्समेंट, म्हणजे प्रशिक्षकाच्या पॉलिसीत स्टुडिओला 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून जोडणारी पुरवणी. तीन गोष्टी त्यात शब्दशः हव्यात: प्रशिक्षकाची पॉलिसी आधी लागू होईल, ती स्टुडिओच्या विम्याकडून वाटा मागणार नाही आणि भरपाई दिल्यावर स्टुडिओवर वसुलीचा दावा लावणार नाही. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरात टाका. नवी पुरवणी आल्याशिवाय वर्ग द्यायचा नाही. पॉलिसी 'दावा आला त्या काळातली' धर्तीची (म्हणजे दावा येतो तेव्हा चालू असेल तरच भरपाई देणारी) असेल तर प्रशिक्षक सोडून गेल्यावर जुन्या इजेचा दावा उघडा पडतो. अशा वेळी वाढीव मुदतीचं संरक्षण लागतं. 'घटना घडली त्या काळातली' धर्ती मिळाली तर ही डोकेदुखीच नाही.

नवा_भिडू:
सदस्यांकडून जोखीम-स्वीकृतीवर सह्या घेतो की. एवढं पुरत नाही?

दावाछाननी:
सही असली तरी खटला दाखल होऊ शकतोच, आणि बचावाचा खर्च तिथूनच सुरू होतो. घोर निष्काळजीपणा असेल तर अनेक ठिकाणी ती सही टिकत नाही. अल्पवयीनांच्या बाबतीत तर आणखी कच्ची. सही घ्या, पण विम्याऐवजी नव्हे. आणि पॉलिसीत व्यायाम करणाऱ्याची इजाच वगळलेली नाही ना, हे आधी पाहा. फिटनेस स्टुडिओसाठी ते कलम म्हणजे पॉलिसी असून नसल्यासारखी.

बारीकअक्षर:
पुरवणीचा मुद्दा मान्य. पण मुळात 'कंत्राटी' हे लेबल टिकेल का? वेळापत्रक तुमचं, गणवेश तुमचा, वर्गाचा क्रम तुम्ही ठरवलेला, दुसरीकडे शिकवायला मनाई. इतका ताबा असेल तर करारात काहीही लिहा, न्यायालय त्याला कर्मचारी ठरवू शकतं. मग त्याच्या चुकीची जबाबदारी तुमच्यावर. तो स्वतः शिकवताना जखमी झाला तर कामगार भरपाईचा प्रश्नही उभा, आणि सर्वसाधारण लायबिलिटीत कर्मचाऱ्याची इजा सहसा वगळलेली असते.

स्टुडिओचालक:
मग दुसरीकडे शिकवायची मनाई काढतो, वर्गाचा क्रमही त्याच्यावर सोडतो. विमा मात्र त्याचाच. स्टुडिओच्या पॉलिसीवर आयता बसवला तर तो कर्मचारी असल्याचा आणखी एक पुरावा मीच तयार करतोय.

बारीकअक्षर:
नुसत्या विम्यावरून कोणी कर्मचारी ठरत नाही. वेळापत्रक कोण लावतं ते सांगा आधी.