लसूण सोलताना डाव्या हाताचीच बोटे का फुटतात?

प्रश्न :
आमचा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय असल्यामुळे मला आठवड्याला तीन-चार किलो लसूण सोलावा लागतो. गेल्या दोन महिन्यांपासून डाव्या हाताच्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोके कोरडी पडून इतकी चिरली आहेत की मीठ लागले तरी डोळ्यांत पाणी येते. उजवा हात मात्र धडधाकट आहे. सासूबाईंच्या सांगण्यावरून सुरण चिरताना लावतात तसे तेल आणि चिंचेचे पाणी लावून पाहिले, पण गुण आला नाही.

प्रतिसाद १ :
सासूबाईंचा उपाय सुरणाचा आहे, आणि दुखणे लसणाचे. सुरणात व अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते कातडीत रुतल्यामुळे कोणालाही लगेच खाज सुटते, तिला ॲलर्जी म्हणता येत नाही. लसणात डायअलिल डायसल्फाइड हे गंधकयुक्त द्रव्य असते आणि शरीराने त्याच्याशी एकदा वैर धरले की पुढे दर वेळी एक-दोन दिवसांनी त्वचा बिघडते. आपल्या उजव्या हातात सुरी आणि डाव्या हाताच्या तीन बोटांत पाकळी असणार, म्हणून तीच बोटे फुटली. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्टच्या, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे हे ओळखण्याच्या, पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात व नंतर पुन्हा तपासतात. खात्री करण्यासाठी घरी ठेचलेला लसूण मात्र त्वचेवर बांधू नये, त्याने भाजल्यासारखे फोड येतात.

प्रतिसाद २ :
मी खानावळ चालवतो. रबरी हातमोजे घालूनही माझी बोटे फुटतच राहिली, कारण हे द्रव्य बहुतेक हातमोज्यांतून आत झिरपते, हे मला फार उशिरा कळले. शेवटी सोलण्याचे काम दुसऱ्याकडे दिले, तेव्हा कुठे महिन्याभरात बोटे भरून आली.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. कैरीच्या हंगामात मनगटावर पाणी भरलेले फोडही आले होते. तेही लसणामुळेच का?

प्रतिसाद १ :
तो बहुधा देठाचा चीक असावा. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. बिब्बा उततो, म्हणजे त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, तो प्रकार आणि हा प्रकार एकाच जातीचा. देठ खुडल्यावर कैऱ्या पाण्यात टाकाव्यात, चीक निथळू द्यावा, आणि हाताला लागल्यास साबणाने तत्काळ धुवावा. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.