खर्च कोणी उचलायचा? नेब्रास्काचा अनुभव
शेजारच्या राज्याला कराराचं पाणी सोडायचं म्हणून शेतकऱ्यांचे पाणीहक्क भाड्यानं घ्यायचे, तर पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न येतोच. अमेरिकेत नेब्रास्कात यावरून चांगलीच जुंपली होती. रिपब्लिकन नदीच्या पाणीवाटपाचा १९४३चा करार, खालच्या अंगाला कॅन्सस राज्य. २००७च्या कायद्यानं स्थानिक जलसंपदा मंडळांना रोखे काढायची आणि कर लावायची मुभा मिळाली. त्यातला सरसकट मालमत्ता कर राज्याच्या कोर्टानं २००९ मध्ये उडवला. काम राज्याचं, मग भुर्दंड खोऱ्यातल्याच लोकांना का? ओलिताच्या जमिनीवरचा एकरी १० डॉलरपर्यंतचा कर मात्र टिकला. मला तोच रास्त वाटतो, जो उपसतो तो भरतो. आणि करार मोडणंही काही फुकट नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेब्रास्काला ५५ लाख डॉलर भरायला लावले. नुकसानभरपाई त्यातली ३७ लाखांचीच, उरलेले १८ लाख करार मोडून कमावलेल्या फायद्यापोटी!