मोसंबीच्या सालीचे लिक्युअर कडू का झाले?

अंबडचा बागायतदार
आमची अंबड तालुक्यात न्यूसेलर वाणाच्या मोसंबीची दीड एकर बाग आहे. यंदा आंबिया बहराची फळे उतरवताना घरापुरती थोडी बाजूला ठेवली आणि इटलीत लिंबाच्या सालींपासून लिमोन्चेल्लो नावाचे गोड मद्य करतात, त्याच धर्तीवर मोसंबीचे लिक्युअर करून पाहिले. आठ फळांची सुरीने काढलेली जाडसर साल, ७५० मिली व्होडका आणि चव अधिक उतरेल या समजुतीने दोन फळांचा रस, असे सारे काचेच्या बरणीत पाच आठवडे ठेवले. नंतर ३०० ग्रॅम साखरेचा गार पाक मिसळला. तोवर रंग सुरेख उतरला होता. पाक पडताच मात्र ते ताकाच्या निवळीसारखे गढूळ झाले, आणि पहिल्याच घोटाला जिभेच्या मुळाशी जो कडवटपणा बसला तो जेवण होईपर्यंत गेला नाही. साखर वाढवून पाहिली, तर गोड काढा तयार झाला. चूक कोठे झाली, आणि उरलेले ओतून द्यावे की सावरता येईल?

परभणीकर
दादा, ओतून देऊ नका. गढूळपणा आणि कडूपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली तर दोषच नव्हे. सालीतले सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात विरघळत नाही; पाकातल्या पाण्याने मद्यार्काचे प्रमाण उतरले की ते तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते आणि द्रव दुधाळ दिसू लागतो. तुमच्या बरणीत रसातल्या पेक्टिन या चिकट घटकानेही त्यात भर घातली असणार.

कडूपणाचे मूळ मात्र त्या रसात आणि सालीखालच्या पांढऱ्या थरात आहे. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट लागतो, हे रसाच्या गाड्यावरचे पोरगेही जाणते. फळात असताना जो घटक कडू लागत नाही, तोच पेशी फुटल्यावर आंबट रसात हळूहळू लिमोनिन या कडू घटकात बदलतो. तुम्ही तर त्याला पाच आठवडे दिलेत! साखरेने तो झाकला जात नाही. चिमूटभर मिठाने थोडा दबतो.

पुढच्या वेळी रस अजिबात घालू नका. फळे कोमट पाण्यात घासून धुवा, पुसून कोरडी करा आणि बटाट्याच्या सोलाण्याने फक्त पिवळी-हिरवी साल काढा. पट्टी पालथी केल्यावर पांढरे दिसले तर सुरीच्या पात्याने खरवडून टाका. मोसंबीच्या सालीचा वास मुळात सौम्य असतो, म्हणून मी दोन-तीन कागदी लिंबांची सालही घालतो (आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे प्रमालिनी हे लिंबाचे वाण दारातच आहे, हा थोडा गावाभिमान). आठ-दहा दिवसांनी एक पट्टी काढून मोडून पाहा. ती फिकी पडून पापडासारखी कडकन तुटली, तर तिच्यातले तेल उतरले असे समजावे आणि साली गाळून काढाव्यात. त्यापुढे उतरतो तो कडवटपणाच.

व्होडकाच्या बाटलीवर ‘२५ यू. पी.’ (अंडर प्रूफ) लिहिलेले असते, म्हणजे मद्यार्क ४२.८ टक्के. अशा ५०० मिलीत २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाण्याचा पाक घातला की साधारण २६ टक्क्यांचे लिक्युअर होते. पाक पूर्ण गार हवा. गरम पाकाने मद्यार्क उडतो आणि शेजारी गॅस पेटता असेल तर धोका वेगळाच. या नव्या चार भागांत तुमचे जुने एक भाग मिसळून पाहा, बहुधा खपून जाईल.

रानवारा
कृती उत्तम आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी फळे आंबवून किंवा भट्टी लावून हाच प्रयोग करू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि विकतची व्होडका बाळगायलाही परवाना व वयाची २५ वर्षे पूर्ण लागतात. स्वस्त पडते म्हणून सुटे स्पिरिट तर मुळीच आणू नका. त्यात मिथेनॉल असले तर दृष्टी जाते, जीवही जातो.

अंबडचा बागायतदार
परभणीकर दादा, आभार. बीडहून पाहुण्यांनी बालाघाटची सीताफळे आणली आहेत. त्यांचेही असेच जमेल का?

बीडची आत्या
अरे बाबा, ती वाया घालवू नकोस. सीताफळाचा गर काळवंडतो, तापवला की कडू होतो, आणि मिक्सरमध्ये एखादे बी फुटले तर ते विषारी असते. पूर्वी बायका त्याची पूड उवांसाठी डोक्याला लावत आणि डोळ्यांत गेली म्हणजे डोळे सुजत. गर चाळणीवर हाताने घोळून बिया वेगळ्या कर आणि गार बासुंदीत घाल.

अंबडचा बागायतदार
बासुंदी संपली. नव्या बरणीतली साल नवव्या दिवशी मोडून पाहिली, कडकन तुटली. पाक घातल्यावर पुन्हा दुधाळ झाले, पण या वेळी जिभेच्या मुळाशी काही बसले नाही. जुने मात्र चारास एक खपले नाही. सहास एक केल्यावर खपले.