फाईलसिस्टीमला १.० कधी म्हणायचं?

भांडुपचा_डेव्ह
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही तिघं मित्र दोन वर्षं रविवारी बसून एक छोटी फाईलसिस्टीम (डिस्कवर फाईली कुठे-कशा ठेवायच्या ते बघणारा भाग) लिहितोय, फ्यूजवर, म्हणजे साध्या प्रोग्रॅमसारखी चालते, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) हात लावलेला नाही, प्रत्येक ब्लॉकचं चेकसम (डेटा बिघडला तर कळावा म्हणून ठेवलेला आकडा) आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) एवढंच तिचं कौतुक. सात महिने माझ्या लॅपटॉपवर घरचे सगळे फोटो तिच्यावरच आहेत (दुसरी कॉपी आहे, शिव्या घालू नका) आणि अजून एकही फाईल गेलेली नाही. आता दादरचा ओळखीतला एक लग्नाचे फोटो काढणारा मागे लागलाय की मला दे, माझा आठ टीबी डेटा पडलाय. आमच्यातला एकजण म्हणतो गणपतीला १.०, म्हणजे पहिली पक्की आवृत्ती, काढून टाकू, मुहूर्त चांगला आहे. मला मात्र पोटात गोळा येतो. "एक्सपेरिमेंटल" हा शिक्का तुम्ही कधी काढाल?

जुना_अ‍ॅडमिन
सात महिने तुझ्या लॅपटॉपवर चालली म्हणजे सात महिने तुझ्या लॅपटॉपवर चालली, बास. लॅपटॉपला बॅटरी असते रे, लाईट गेली तरी त्याला पत्ता नसतो.
लिनक्सच्या नेहमीच्या फाईलसिस्टीमचं, ईएक्सटी४ चं बघ. २००६ ला कर्नलमध्ये आली तेव्हा तिच्या नावाला "डेव्ह" (अजून कच्ची) असं शेपूट होतं, ते डिसेंबर २००८ ला कर्नल २.६.२८ मध्ये कापलं, आणि पुढच्या काही महिन्यांतच लोक बोंबलायला लागले की क्रॅश झाल्यावर फाईली शून्य बाइटच्या सापडतायत. गंमत म्हणजे तो सरळसरळ बगही नव्हता, डिलेड अलोकेशनमुळे (जागा उशिरा ठरवण्याच्या पद्धतीमुळे) डेटा डिस्कवर उशिरा जायचा आणि प्रोग्रॅमवाले एफसिंक (डेटा आत्ता डिस्कवर लिही हा हुकूम) न करता नवी फाईल लिहून जुनीवर रीनेम करायचे, आधीच्या ईएक्सटी३ वर ते खपून जात होतं. नियमाने चूक प्रोग्रॅमची. पण ज्याची फाईल गेली त्याला नियम दाखवून काय करणार? शेवटी २.६.३० मध्ये फाईलसिस्टीमनेच सांभाळून घेतलं. तुझा दादरवाला पण एफसिंक करणाऱ्यातला नसणार.

बॅकअपवाली
+१, आणि लाईटचं म्हणशील तर माझ्याकडे फुकटची लॅब होती, बदलापूरला सासरी. आमच्या एका छोट्या स्टोरेज प्रोजेक्टचा डबा तिथे मुद्दाम यूपीएसशिवाय ठेवला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा लाईट जायची. ऑफिसात महिनोन्‌महिने काही सापडलं नव्हतं आणि तिथे तिसऱ्या आठवड्यात एक फाईल गायब, म्हणजे डेटा डिस्कवर होता पण नावच नाही. शोधता शोधता कळलं की फाईलला एफसिंक होत होतं पण ती ज्या डिरेक्टरीत आहे तिला नाही. एका ओळीचा फिक्स, तीन रात्रींची झोप.
आता तेच काम लिनक्समधल्या डीएम-लॉग-राइट्सने करते. डिस्कवर जाणारं प्रत्येक राइट नोंदवून ठेवतं, मग हव्या त्या टप्प्यापर्यंत परत लिहायचं, माउंट करायचं (डिस्क जोडायची), एफएसके (fsck, फाईलसिस्टीम तपासणारा प्रोग्रॅम) चालवायचं. सासूबाईंच्या शिव्या नकोत. एक्सएफएसटेस्ट्स हा फाईलसिस्टीमच्या चाचण्यांचा संच पण चालवा, नावात एक्सएफएस (दुसरी एक फाईलसिस्टीम) असलं तरी नावावर जाऊ नका, फ्यूजवरही चालतं. तुमचं एफएसके आहे ना?

भांडुपचा_डेव्ह
आहे पण अर्धवट 😬 चूक दाखवतं, दुरुस्त करत नाही. आणि स्नॅपशॉटसाठी डिस्क फॉरमॅट (डिस्कवर डेटा मांडायची पद्धत) परत एकदा बदलायचा विचार चालू होता...

जुना_अ‍ॅडमिन
मग विषय संपला. फॉरमॅट बदलायचा विचार डोक्यात असेपर्यंत १.० हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बग नंतर फिक्स होतो, पण आठ टीबीचा फॉरमॅट दादरला जाऊन तू बदलून देणार आहेस का?

ठाणे_स्लो
काका, एवढं घाबरवलंत तर पोरगं कधीच रिलीज करणार नाही. झिरो बगची वाट बघायची तर ओपनझेडएफएस बघा की, एवढी नावाजलेली फाईलसिस्टीम, २०२३ ला २.२ आल्यावर फाईल कॉपी करताना मधेच शून्य भरलेले तुकडे मिळायला लागले, सगळ्यांनी नव्या ब्लॉक क्लोनिंगवर (डेटा परत न लिहिता कॉपी करायच्या सोयीवर) खापर फोडलं, आणि खरा बग निघाला कित्येक वर्षं जुना! सीपी या कॉपी करायच्या कमांडच्या नव्या पद्धतीमुळे तो वर आला एवढंच. आणि "एक्सपेरिमेंटल" लिहून ठेवलं की कोणी वापरत नाही, वापरलं नाही की बग सापडत नाहीत, मग करा काय?
मी म्हणतो शिक्का एकेका फीचरला लावा. बीटीआरएफएस ही फाईलसिस्टीम २००९ ला कर्नलमध्ये आली, फेडोरा या लिनक्सच्या डेस्कटॉपवर २०२० पासून डिफॉल्ट आहे, तरी तिचं रेड५/६ (एक-दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणारी अनेक डिस्कची मांडणी) प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या कामाला, नको असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. साधं लिहिणं-वाचणं स्टेबल, स्नॅपशॉट कच्चा, असं स्पष्ट लिहा ना.

बॅकअपवाली
हे पटलं, पण फॉरमॅटबद्दल काकांचंच बरोबर, तिथे अर्धं स्टेबल असं काही नसतं. आणि वापरणाऱ्याला तेच वाक्य फोनवर पण सांगा, रीडमी (सोबतची माहितीची फाईल) कोणी वाचत नाही.

भांडुपचा_डेव्ह
ठरलं मग, गणपतीला ०.९, फॉरमॅट त्याआधी फायनल, दुरुस्त करणारं एफएसके आल्याशिवाय १.० नाही. मित्र रुसलाय, होईल ठीक. दादरवाल्याला आत्ताच फोन केला, तर म्हणतो अरे पण माझ्या जुन्या दोन हार्डडिस्क टिकटिक करतायत, म्हणून तर घाई होती.

जुना_अ‍ॅडमिन
आँ?? टिकटिक म्हणजे डिस्क मरायला टेकल्यात, हे आधी सांगायचं! आज रात्रीच जाऊन कॉपी करून घे. ईएक्सटी४ वर.